उत्तरतालिका आणि खोडदची मुलगी

ओझरला बोलायला उभं राहिलं की एक बरं असतं, विघ्नांची काळजी वक्त्याला करावी लागत नाही. ते खातं पलीकडे देवळात आहे.

आज मी एका पुस्तकावर बोलणार आहे. हे बघा, हे. परवा नारायणगावच्या एसटी स्टँडवर घेतलं. नाव मुद्दाम सांगत नाही, कारण अशी पुस्तकं ढिगानं आहेत आणि आतून सगळी एकमेकांची सख्खी भावंडं आहेत. वर 'सामान्य ज्ञान', खाली 'सर्व स्पर्धा परीक्षांसाठी उपयुक्त', आत प्रश्न, चार पर्याय आणि शेवटी उत्तरतालिका. विज्ञान, इतिहास, भूगोल, कला, सगळं एका पिशवीत. आपल्याकडे कवितेची समीक्षा होते, कादंबरीची होते. ह्या पुस्तकाची कोणी करत नाही. आणि मला तर वाटतं, हातात पेन्सिल धरून, पुन्हापुन्हा, मनापासून वाचलं जाणारं मराठी पुस्तक आज हेच असावं. पोलीस भरतीला, तलाठी भरतीला बसणारी आपली पोरं कादंबरी एकदा वाचतील न वाचतील, हे पाठ करतात. एका गुणानं कोणाची नोकरी हुकते, कोणाचं लग्न लांबतं. इतकं ज्याच्यावर टांगलेलं आहे ते पुस्तक बरं लिहिलंय की वाईट, हे बघायला नको?

बघण्याआधी एक कबुली द्यायची आहे. काही वर्षांपूर्वी ह्याच तालुक्यात एका प्रश्नमंजूषेला मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. निवृत्त प्राध्यापक, पीएच.डी., शाल-श्रीफळ ठरलेलं. प्रश्न आला, जगातील सर्वात मोठी रेडिओ दुर्बीण कोठे आहे? आठवी-नववीतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, "चीनमध्ये." सभागृहात हशा, कारण मुलगी खोडदची होती आणि माझ्या हातातल्या कागदावर उत्तर छापलेलं होतं, 'खोडद, ता. जुन्नर'. मी विचारलं, "बाळ, तू खोडदचीच ना?" ती म्हणाली, "हो सर, म्हणूनच सांगते. आमच्याकडे तीस आहेत. एकच मोठी अशी नाहीये." पुन्हा हशा. मी कागदाकडे बघितलं आणि शून्य दिलं. पस्तीस वर्षं ज्ञान म्हणजे काय हे शिकवलेल्या माणसानं कागदाकडे बघितलं, मुलीकडे नाही. तिचा संघ एका गुणानं हरला.

आता तिचं म्हणणं तपासू. खोडदची जीएमआरटी म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. त्यांतल्या १४ मध्यभागी जवळजवळ, बाकीच्या १६ वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर दूरवर गेलेल्या. टोकापासून टोक सुमारे २५ किलोमीटर. तीसही मिळून एका दुर्बिणीचं काम करतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती उभी केली. मीटरभर लांबीच्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या दुर्बिणींमध्ये ती जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी आहे. आणि एकच भरलेली तबकडी म्हणाल तर चीनमधली फास्ट, व्यास ५०० मीटर, २०१६ साली पुरी झाली. रशियात ५७६ मीटर व्यासाची एक आहे, पण ते नुसतं कडं आहे, आतून मोकळं. म्हणजे 'सर्वांत मोठी' ह्या शब्दाला निदान तीन मालक निघाले.

पुस्तकातल्या वाक्यातून काय गळलं? 'मीटरभर लांबीच्या लहरी टिपणारी', एवढंच. आपल्या नव्यन्यायात ह्या तुकड्याला मोठं नाव आहे, अवच्छेदक. साध्या भाषेत, बांध. अमुक गोष्ट खरी आहे, पण कुठवर खरी, हे सांगणारा बांध. जुन्नर तालुक्यातल्या माणसाला बांधाचं महत्त्व मी सांगायला नको. कोर्टकचेऱ्या त्यावरच चालतात. सामान्य ज्ञानाचं पुस्तक पहिलं काम काय करतं, तर बांध काढून टाकतं. जागा वाचते ना.

आणि गंमत सगळी त्या बांधातच होती. लहर मीटरभराची असेल तर डिशला अखंड गुळगुळीत पत्रा लागत नाही, तारांची जाळी पुरते. जाळीची भोकं लहरीच्या मानानं इतकी बारीक की लहरीला ती भिंतच वाटते. वाऱ्याला मात्र ती जाळीच, वारा आरपार. म्हणून सांगाडा हलका, म्हणून खर्च कमी, म्हणून तीस उभ्या करता आल्या. आणि ह्याच खोऱ्यात का, तर मोठ्या शहरांच्या रेडिओ-गोंगाटापासून लांब आणि डोंगरांचा आडोसा. 'खोडद' हे उत्तर पाठ करणाऱ्याला ह्यातलं काही मिळत नाही. त्या मुलीकडे हे होतं. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनी खोडदला जी जत्रा भरते, त्यात शाळेतली पोरं हे समजावून सांगतात, मी ऐकलंय. (ह्या पुस्तकात २८ फेब्रुवारी हा रामन यांचा जन्मदिवस म्हणून छापलाय. जन्म ७ नोव्हेंबरचा. २८ फेब्रुवारी १९२८ ही त्यांचा शोध जाहीर झाल्याची तारीख. असो.)

ह्या पुस्तकांचं एक व्याकरण आहे. 'सर्वात मोठा' झाला, मग 'पहिला', मग 'जनक'. ह्या पुस्तकांत प्रत्येक गोष्टीला बाप असतो, आई क्वचित. भारतीय चित्रपटाचे जनक कोण? दादासाहेब फाळके. पहिला चित्रपट? राजा हरिश्चंद्र, ३ मे १९१३, मुंबईचं कॉरोनेशन. बरोबर. पण त्याच कॉरोनेशनमध्ये १८ मे १९१२ ला दादासाहेब तोरणे यांचा पुंडलिक लागला होता. मग पहिला कुठला? तोरण्यांचा चित्रपट म्हणजे रंगमंचावरच्या नाटकाचं चित्रण होतं, कॅमेरा चालवणारा इंग्रज, फिल्म धुवायला लंडनला. फाळक्यांनी कथा कॅमेऱ्यासाठी रचली, फिल्म इथेच धुतली. मी स्वतः फाळक्यांच्या बाजूचा आहे. पण तुम्ही तोरण्यांच्या बाजूनं बोललात तर आपल्याला चित्रपट म्हणजे काय ह्यावर भांडावं लागेल, आणि त्या भांडणात आपण दोघंही शहाणे होऊ. पर्याय क्रमांक 'ब' वर गोल केला की भांडण संपलं.

आता जरा नाजूक विषय. इथून मान वर केली की शिवनेरी. महाराजांचा जन्म कधी झाला? माझ्या लहानपणी गुरुजींनी १६२७ सांगितलं, मी १६२७ लिहिलं, गुण मिळाला. माझी नात १६३० लिहिते, तिलाही गुण मिळतो. दोघंही पास! मधे काय झालं? टिळकांनी १९१६ साली जेधे शकावली उजेडात आणली. तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. परमानंदाच्या शिवभारताचा तिला दुजोरा मिळाला. मग वाद, लेख, समिती, आणि शेवटी २००१ साली शासनानं १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख धरली. जवळजवळ शंभर वर्षं मोठमोठी माणसं कागद लावत बसली, तेव्हा ही एक तारीख हाती आली. आणि ती १९ फेब्रुवारीसुद्धा जुन्या ज्युलियन कॅलेंडरातली. आज भिंतीवर आहे त्या कॅलेंडराप्रमाणे तो दिवस १ मार्च येतो. हे मी कोणाच्या श्रद्धेला धक्का द्यायला सांगत नाही. उलट, ज्यांनी हे शोधलं त्यांच्याबद्दल आदर वाटावा म्हणून सांगतोय. पुस्तकात त्यांच्यापैकी एकाचंही नाव नाही. उत्तर आहे, उत्तरासाठी खपलेली माणसं नाहीत.

इथे माझा धंदा आडवा येतो, दोन मिनिटं सहन करा. अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह आम्ही पहिल्या वर्षाला शिकवायचो. त्यात बुद्धीचे दोन प्रकार सांगितलेत, स्मृती आणि अनुभव. आणि प्रमा, म्हणजे खरं ज्ञान, ते अनुभवाच्या खात्यात जातं. स्मृती खरी असली तरी तिला त्या खात्यात जागा नाही, कारण ती आधी झालेल्या ज्ञानाच्या भांडवलावर जगते. प्रत्यक्ष पाहिलं, अनुमान केलं, विश्वासू माणसाकडून ऐकलं, असं काहीतरी मुळाशी पाहिजे. आपल्या परीक्षा तपासतात ती स्मृती, आणि वर पाटी लावतात 'ज्ञान'. बरं, विश्वासू माणसाचा शब्द हेही प्रमाणच आहे, मी ते नाकारत नाही. पण मग उत्तरतालिकेमागचा तो विश्वासू माणूस कोण? ह्या पुस्तकावर 'संकलन' एवढंच छापलंय.

ग्रीकांकडे प्लेटोनं हेच लॅरिसा गावच्या रस्त्यावरून सांगितलंय. ज्याला रस्ता माहीत नाही पण अंदाज बरोबर आहे, तोही लॅरिसाला पोचतो. मग जाणकारात आणि त्याच्यात फरक काय? फरक असा की, बांधून न ठेवलेला अंदाज पळून जातो. लॅरिसाच्या जागी ओझर घाला. 'अष्टविनायकांपैकी विघ्नेश्वर कोठे? ओझर.' पाठ. आता हा पाठ केलेला माणूस नाशिकच्या स्टँडवर 'ओझर' अशी पाटी बघून गाडीत बसला तर उतरेल विमानाच्या कारखान्यापाशी. एके काळी मिग बनवणारं ओझर वेगळं, कुकडीच्या काठचं वेगळं. ज्याला कुकडी, येडगाव धरण, लेण्याद्री, जुन्नर हे एकमेकांना धरून माहीत आहे, त्याला हा धोका नाही. त्याचं ओझर बांधलेलं आहे.

नाणेघाटाचंही तसंच. 'नाणेघाटातील शिलालेख कोणाचा? नागनिका राणीचा.' गुहेतला मोठा लेख वाचा: यज्ञांची नावं, दक्षिणेत दिलेल्या गायी, घोडे, कार्षापण, त्यांचे आकडे. आकड्यांसाठी तो जगभर प्रसिद्ध आहे. पण लेख तुटलेला आहे आणि ज्या राणीनं हे केलं तिचं नाव त्या भागात शाबूत नाही. नाव मिळतं ते मागच्या भिंतीवर, जिथे सातवाहन घराण्यातल्या मंडळींच्या मूर्ती होत्या. मूर्ती गेल्या, वरची नावं उरली. त्या नावांवरून विद्वानांनी राणी ओळखली. अनुमान, आणि चांगलं अनुमान. एका नावामागे एवढी कारागिरी आहे.

मी ह्या प्रकाराचा शत्रू आहे असं समजू नका. गावातल्या मुलाला फाळके, नागनिका, रामन, टोबा ही नावं पहिल्यांदा भेटतात ती अशाच पुस्तकात. चार रुपयांच्या चिठ्ठीवर जग येतं. केतकरांच्या ज्ञानकोशाचे तेवीस खंड कोण उचलणार? मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली तर्कतीर्थांनी काढला. पण शेतावरून आलेला मुलगा त्याच्यापर्यंत नाही पोचला, पुस्तक एसटी स्टँडवर त्याच्यापर्यंत पोचलं. हे पुण्य त्याला द्यायला हवं. पण विश्वकोशातली नोंद उघडून शेवटी बघा. लिहिणाऱ्याचं आडनाव असतं आणि कुठे अधिक वाचावं हे असतं. माणूस शब्दाला बांधील राहतो. तेवढं ह्या पुस्तकांना परवडणार नाही असं नाही. पानाला दोन ओळी पुरतील.

टोबा म्हटलं, तर एक प्रश्न मी स्वतः करून आणलाय. इथून खाली कुकडीच्या काठी बोरी आहे, तिथे नदीच्या थरात पांढुरक्या राखेचा पट्टा सापडला. ज्वालामुखीची राख. आपल्या सह्याद्रीचा ज्वालामुखी तर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थंडावलेला. ही राख सुमात्रा बेटावरच्या टोबाची, हवेतून आलेली. आता प्रश्न, ती किती जुनी? एका मापनानं सुमारे चौदा लाख वर्षं, दुसऱ्यांनी सहा-सात लाखांच्या आसपास, आणि काही अभ्यासक म्हणतात, छे, टोबाचा शेवटचा महास्फोट, म्हणजे सुमारे पंचाहत्तर हजार वर्षं. राखेच्या जोडीला दगडी हातकुऱ्हाडी मिळाल्यात, त्यामुळे ह्या खोऱ्यात माणूस कधीपासून आहे हे त्या उत्तरावर ठरतं. अ, ब, क, ड पैकी एक निवडा. हा प्रश्न कुठल्याही भरतीला येणार नाही, कारण तालिकेत काय छापायचं? पण आपल्या घराच्या दोन-चार कोसांवर असा प्रश्न उघडा पडलाय हे नववीच्या मुलांना सांगून बघा, त्यांचे डोळे बघा.

आयोजकांशी माझं बोलणं झालंय. यंदाच्या प्रश्नमंजूषेत मी परीक्षक व्हायला तयार आहे, एका अटीवर. कागदावर उत्तरापुढे आणखी एक रकाना असेल, 'कशावरून'. अर्धा गुण त्याला. आणि छापील उत्तराहून वेगळं उत्तर आलं तर हसायचं नाही, मुलाला एक मिनिट बोलू द्यायचं. वेळ जास्त लागेल म्हणतात. लागू दे, मी निवृत्त आहे.

ती मुलगी आता कुठे शिकते मला माहीत नाही. खोडदचं कोणी इथे बसलं असेल, किंवा हे पुढे मोबाईलवर वाचत असेल, तर तिला निरोप द्या, तो एक गुण माझ्याकडे जमा आहे.