तलवार म्यान कधी करायची? ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’विषयी

आज एका जुन्या गेमविषयी बोलायचंय. जॉर्डन मेकनर यांचा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ 1989 साली ॲपल टू या 8 बिटांच्या कॉम्प्युटरवर आला. आपल्यातले बरेच जण तो नंतर डॉसवर खेळले असतील. 60 मिनिटांत तळघरातून वर यायचं, वजीर जाफरला हरवायचं, राजकन्येला सोडवायचं. गोष्ट एवढीच.

आता यातली तलवार बघा. सुरुवातीला राजपुत्राच्या हातात ती नसतेच, शोधावी लागते. मिळाल्यावरही नुसती कळ बडवून भागत नाही. पुढे सरकायचं, मागे यायचं, वार अडवायचा आणि मग मारायचं. राजपुत्राचं धावणं मेकनर यांनी धाकट्या भावाचं चित्रीकरण करून, त्यावरून रेखाटलं. तलवारबाजी घेतली 1938 च्या रॉबिन हूडच्या चित्रपटातल्या द्वंद्वावरून. म्हणजे पर्शिया नावालाच, तलवार हॉलिवूडची! ही उसनवारी मला खटकते. पण हालचालीला वजन आलं ते त्यातूनच, हेही मान्य करायला हवं.

माझा खरा मुद्दा पुढे आहे. चौथ्या पातळीवर एक आरसा येतो. त्यातून उडी मारली की राजपुत्राची सावली सुटते. पुढे ती त्याच्या वाटणीचं औषध पिते, तोंडावर दार पाडते. बाराव्या पातळीवर ती तलवार उपसून समोर उभी राहते. तुम्ही तिला मारता आणि शक्ती तुमचीच कमी होते. तिला ठार केलंत तर मेलात तुम्ही. उपाय एकच. तलवार म्यान करा आणि सरळ तिच्या अंगावर चालत जा. दोघं एक होतात.

कुणी म्हणेल, ही तर मेमरीच्या टंचाईची करामत. बरोबर आहे. नव्या पात्राच्या चित्रांना जागा उरली नव्हती, म्हणून राजपुत्राचेच बिट किंचित सरकवून, मूळ बिटांशी एक्स-ऑर करून ही लुकलुकणारी आकृती केली. पण टंचाईने फक्त एक जुळा दिला. त्याला मारायचं की आपलंसं करायचं, हे ठरवलं माणसाने. अकरा पातळ्या तलवार चालवायला शिकवून बाराव्या पातळीवर ती खाली ठेवायला लावणं, हे धाडस आजच्या किती गेममध्ये दिसतं?

दोष? आहे ना. राजकन्या गेमभर बहुतेक वाटच बघते. शिवाय तेराव्या पातळीवर जाफरला मारायला तलवार पुन्हा उपसावीच लागते. म्हणजे सावलीने शिकवलेलं शहाणपण शत्रूपर्यंत पोचत नाही. मला वाटतं, गेम इथे स्वतःच्याच सर्वांत चांगल्या कल्पनेपासून मागे हटतो. तुम्हाला तसं वाटतं का? बारावी पातळी पुन्हा खेळून बघा, मग बोलू.