माळकरी

जत्रेची मटणाची पंगत बसते आणि वाढपी ओळीवरून नजर फिरवत विचारतो, “माळकरी कोण कोण आहे?” चारदोन हात वर होतात. त्यांची पानं वेगळी मांडली जातात, वाढायची पळीही वेगळी. पाहुणा कुठल्या गावचा, कुठल्या घरचा याची चौकशी कुणी करत नाही. एका शब्दात काम भागतं.

‘वारकरी’ आणि ‘माळकरी’ आपण एका दमात बोलून जातो, पण त्यांत फरक आहे. आषाढीला दिंडीत चालणाऱ्या सगळ्यांच्याच गळ्यात माळ नसते. वारकरी वारी करतो. माळकरी काय करतो? माळ तर नुसती घालायची असते. तरी भाषेनं त्याला शेतकरी, टाळकरी, विणेकरी यांच्या पंगतीत बसवलं. मला या शब्दाची सगळी गोडी त्या ‘करी’त वाटते. माळ घालणं एका सकाळी उरकतं; ‘करी’ मात्र रोजचा उद्योग सांगतो. एकादशी, हरिपाठ, मांस-मद्य वर्ज्य आणि पंढरीची वारी. ‘माळधारी’ म्हटलं असतं तर नुसता दागिना दिसला असता.

दीक्षेला मोठं नाव नाही, हेही मला आवडतं. तुळशीच्या 108 मण्यांची माळ ज्ञानेश्वरीवर ठेवायची, मग गळ्यात घ्यायची. गावात एवढंच म्हणतात : “त्यानं माळ घातली.” नवरीनं वराला वरलं की तिथंही हेच शब्द. दोन्हीकडे आयुष्यभराचा करार, म्हणून तेच क्रियापद शोभतं.

घरात एक माळकरी असला की स्वयंपाकघराचा कायदा बदलतो. कोंबडी शिजायची तर परसात, तीन दगडांच्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात. म्हातारी माळकरी असेल तर सून त्या दिवशी तिची भाकरी आधी थापून घेते. श्रावणात मांस खाणं सोडलेला एखादा थट्टेनं “सध्या मी माळकरी” म्हणतो. थट्टा चालते, कारण माळेचा नियम महिन्यानं संपत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं.

याच शब्दाचा चाबूकही होतो. “माळकरी असून असं वागतोस?” हे वाक्य ऐकून गडी गप्प होतो. ‘शाकाहारी’ला हा धाक नाही. तो शब्द ताटापुरता आहे, माळकरी वागण्यालाही बांधलेला. म्हणून लग्नपत्रिकेवर नि हॉटेलच्या पाटीवर ‘शाकाहारी’ खुशाल छापा. माळकऱ्याला माळकरीच म्हणा.