मातीचीं दोन पुस्तकें

शेतीवरील पुस्तकें वाङ्मयविचाराच्या पंक्तीला सहसा बसविलीं जात नाहींत. जोतीराव फुले यांचा 'शेतकऱ्याचा असूड' आपण सामाजिक टीकेचा ग्रंथ म्हणून वाचतों, आणि त्यांतील बांध, चारा व खत यांचीं पानें आलीं कीं तीं भराभर उलटून पुढें जातों. आल्बर्ट हॉवर्ड यांचीं पुस्तकें तर शेतकी महाविद्यालयांच्या कपाटांतून साहित्याच्या वाचकापर्यंत पोंचतच नाहींत. गेल्या वैशाखांत एका जुन्या विद्यार्थ्याच्या आग्रहावरून आम्ही किनवट तालुक्यांतील त्याच्या खेड्यांत आठ दिवस राहिलों, तेव्हां या दोन्ही लेखकांचे ग्रंथ बरोबर होते. वाचावें आणि मान वर करून समोरच्या शेतांत तें पडताळून पाहावें, अशी सोय टीकाकारास क्वचितच मिळते. त्या वाचनांतून जें मत बनलें तें येथें मांडीत आहों.

किनवट हा नांदेड जिल्ह्याचा उत्तरेकडील डोंगराळ तालुका. पैनगंगेचें खोरें, सातमाळ्याच्या रांगा आणि त्यांवर सागाचें रान. पाऊस मराठवाड्याच्या इतर भागांहून अधिक. उतारावरची जमीन हलकी व मुरमाड, खोऱ्यांतली काळी. गोंड, कोलाम, परधान, आंध आणि बंजारा यांची येथें जुनी वस्ती. १९५६ पर्यंत हा मुलूख हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यांत मोडत होता, ही गोष्ट पुढें उपयोगी पडेल म्हणून येथेंच सांगून ठेवतों. आम्ही गेलों तेव्हां कापसाचीं शेतें मोकळीं होत होतीं आणि बांधाबांधावर पऱ्हाट्यांचे ढीग पेटलेले होते. संध्याकाळीं सारें खोरें धुरानें भरून जाई. शेताचें अन्न शेताच्याच कडेला जळत होतें, आणि ज्यांचें तें शेत त्यांच्या ओसरीवर पुढच्या पेरणीसाठीं रासायनिक खताचीं पोतीं रचलेलीं होतीं.

'असूड' १८८३ सालीं लिहून पुरा झाला. त्याचीं आरंभींचीं दोन प्रकरणें 'दीनबंधु' पत्रांत छापलीं गेलीं. पुढचीं छापण्याचें धैर्य त्या पत्रासही झालें नाहीं. फुल्यांचें वाक्य लांब असतें. कारणें, माणसें, अवजारें व जनावरें यांची त्यांत रांग लागते आणि क्रियापद शेवटीं येऊन फटका मारतें. या शैलीला ओबडधोबड म्हणणारे टीकाकार आपल्याकडे होऊन गेले. परंतु मातीसंबंधानें लिहितांना तीच शैली किती नेमकी होते पाहा. फुले सांगतात कीं पूर्वीं डोंगरावरचा पाला, गवत, फुलें, मेलेले किडे आणि जनावरांचे अवशेष पावसाच्या पाण्याबरोबर वाहून शेतांत येत व जमीन सुपीक करीत. गुरें रानांत मोकळीं चरत. मग जंगलखातें आलें, डोंगर व गायरानें त्याच्या ताब्यांत गेलीं, चराई तुटली, गुरें रोडावलीं आणि खत आटलें. हा सारा कार्यकारणभाव पुस्तकांत एका ओघांत येतो, कारण शेतांतही तो एका ओघांतच घडतो. उपायही तितकाच रोखठोक आहे: लष्कर व पोलीस यांतील रिकामे हात लावून ताली-बांध घालावे, म्हणजे पाणी शेतांत मुरेल आणि माती नदीला जाणार नाहीं. पाणलोटविकास व मृद्संधारण या नांवांनीं आज जें काम चालतें, त्याची ही १८८३ सालची मागणी होय.

हॉवर्ड यांची वाट निराळी. ते १९०५ सालीं पुसा येथें सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले, आणि १९२४ पासून १९३१ पर्यंत होळकरांच्या इंदुरास ३०० एकर जमिनीवर त्यांनीं संशोधनसंस्था चालविली. इंदूर मराठी माणसास परकें नाहीं. शिवाय 'द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ ॲग्रिकल्चर' या १९३१ सालच्या पुस्तकावर हॉवर्ड यांच्या जोडीला यशवंत वाड यांचेंही नांव आहे, हें आपण साफ विसरलों आहों. या पुस्तकांतील 'इंदूर पद्धति' थोडक्यांत अशी: शेतांतला पालापाचोळा व काडीकचरा प्रथम गुरांच्या अंगाखालीं अंथरावा, मग शेण, गोमूत्रानें भिजलेली गोठ्याची माती आणि लाकडाची राख यांच्यासह तो खड्ड्यांत थरांनीं भरावा, पाणी द्यावें, ठराविक दिवसांनीं परतावा, सुमारें तीन महिन्यांत खत तयार होतें. काडींत कर्ब फार आणि नत्र थोडें. शेण-मूत्रांतून नत्र मिळतें. दोहोंचा मेळ बसला कीं सूक्ष्म जंतु उरलेलें काम करतात. आतां पऱ्हाट्या-तुराट्यांसारख्या टणक काड्यांचें काय करावें? त्या गाडीवाटेवर पसराव्या, चाकांखालीं चेंचूं द्याव्या, आणि मग गोठ्यांत अंथराव्या. किनवटच्या बांधावर जें जळतांना आम्हीं पाहिलें, त्याचा उपाय ९० वर्षांहून अधिक काळ छापून पडलेला आहे.

हॉवर्ड यांची भाषा स्वच्छ आहे. त्यांचें वाक्य छोटें, विधान निःशंक, आणि कृति अशी कीं वाचणारा लगेच फावडें शोधूं लागेल. १९४० सालच्या 'ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट' या ग्रंथांत त्यांनीं आपल्या सर्व अनुभवाचा गुरु सांगितला आहे, तो म्हणजे अरण्य. अरण्यांत पाला पडतो, त्यावर पशुपक्ष्यांची विष्ठा पडते, दोन्ही कुजून त्यांचें ह्यूमस होतें आणि तें झाडांस परत मिळतें; तेथें जमीन उघडीही पडत नाहीं आणि उपाशीही राहत नाहीं.

येथें दोन्ही ग्रंथकार एकाच रानांत येऊन मिळतात. मात्र दोघांचे प्रश्न वेगळे आहेत. हें रान चालतें कसें, हा हॉवर्ड यांचा प्रश्न. हें रान कोणाचें, हा फुल्यांचा. ज्या १९४० सालीं हॉवर्ड यांचा ग्रंथ निघाला, त्याच सालीं आदिलाबाद जिल्ह्यांतील जोडेघाटास कोमुरम भीम हा गोंड पुढारी निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांस बळी पडला. त्याचा झगडा पाणी, रान व जमीन यांवरील हक्कासाठींच होता, आणि किनवट त्या वेळीं त्याच जिल्ह्यांत होतें. अरण्याला गुरु मानणारा ग्रंथ विलायतेंत छापला जात असतां अरण्यांत राहणारास येथें त्यांतून हुसकून लावलें जात होतें. हॉवर्ड यांच्या विवेचनांत या प्रश्नास जागा नाहीं, आणि हें त्या विवेचनाचें मोठें उणें आहे असें आमचें मत आहे. २००६ सालच्या वनहक्क कायद्यानें चराईचा हक्क मान्य केला, तेव्हां कोठें फुल्यांच्या प्रश्नाला कायद्याच्या भाषेंत उत्तर मिळूं लागलें.

जनावरांविषयीं मात्र हॉवर्ड यांचीं पानें फार मोलाचीं आहेत. पुसास त्यांनीं आपले बैल स्वतः निवडले आणि चांगल्या मातींत पिकलेला चारा त्यांस घातला. शेजारच्या गुरांत लाळ-खुरकताची सांथ आली असतां हे बैल आजारी गुरांच्या नाकाला नाक लावून आले, तरी त्यांस कांहीं झालें नाहीं, असें ते सांगतात. एका गोठ्याच्या अनुभवावरून सिद्धांत बांधतां येत नाहीं, आणि लस चुकवावी असें तर या गोष्टीवरून कोणीं मुळींच समजूं नये. परंतु माती, चारा, जनावर, खत आणि पुन्हां माती हें चक्र त्यांनीं जितकें स्पष्ट दाखविलें तितकें दुसऱ्या कोणीं क्वचितच दाखविलें असेल. जनावराची दया ही शेतीच्या हिशेबांतलीच बाब आहे, हें तेथें वाचकास पटतें.

आपल्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशीं खांदेमळणी होते; बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळतात. बाकीचे दिवस जू घासून खांदा सुजला तरी औत थांबत नाहीं, कारण वाफसा थांबत नाहीं. फुल्यांच्या ग्रंथांत उपाशी बैल आणि उपाशी कुणबी एकाच अंगणांत उभे आहेत. मालकाच्या पोटाचा विचार न करतां बैलाच्या पोटाची दया सांगणें त्यांस ढोंग वाटलें असतें. हॉवर्ड यांच्या बैलांमागें एक संस्था उभी होती; कुणब्याच्या बैलामागें कुणबीच.

आजच्या लिखाणाचा विचार केला तर मराठींत या विषयावर पुस्तकें पुष्कळ निघतात. त्यांत विदर्भांतील सुभाष पाळेकर यांचा प्रभाव सर्वांत मोठा. २०० लिटर पाण्यांत १० किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन व मूठभर माती घालून केलेलें त्यांचें जीवामृत घरोघर माहीत आहे. एका देशी गाईवर ३० एकर शेती होते, असें त्यांचें म्हणणें. शेण हें मातीचें अन्न नसून विरजण आहे, हा या म्हणण्याचा आधार. कल्पना सुंदर आहे. परंतु विरजण कितीही चांगलें असलें तरी दूधच नसेल तर दहीं कसें लागणार? पाळेकर स्वतः आच्छादनावर भर देतात, म्हणजे दुधाची सोय सांगतात. त्यांचें अनुकरण करणारीं पुस्तकें मात्र विरजणाची कृति उतरून घेतात आणि दूध विसरतात. २०१५ पासून सरकारही जमीन आरोग्य पत्रिका देतें. सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याहून कमी भरला तर तो 'कमी' समजावा, हें तींत कळतें. काडी शेतांतून खड्ड्यापर्यंत कोणीं वाहावी, हें तींत कळत नाहीं.

हा प्रश्न आमचा नव्हे. एके संध्याकाळीं हॉवर्ड यांची कृति आम्हीं मराठींत करून विद्यार्थ्याच्या वडिलांस सांगितली. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ; दावणीला लाल कंधारीची एकच जोडी उरलेली. ही नांदेडच्याच कंधार भागाची जात, गडद तांबूस रंगाची, ओढकामाला चिवट, जाड्याभरड्या चाऱ्यावर निभावणारी. पेरणीपूर्वीं जोडी विकून ट्रॅक्टर भाड्यानें लावावा, असा मुलाचा आग्रह चालला होता. म्हाताऱ्यानें शेवटपर्यंत ऐकून घेतलें आणि तो म्हणाला, "सर, समदं पटलं. माझ्या बापाच्या वेळंला उकिरडा असाच व्हता. पर तवा घरात चार गडी न् दावणीला बारा ढोरं. आता मी, म्हातारी न् ही जोडी. पऱ्हाटी उपटा, वाहा, आंथरा, परत खड्ड्यात न्या. काडी लावली की एका रातीत रान मोकळं. रोजदाराचे पैसे कोण देतं, ते तुमच्या पुस्तकात हाय का?"

आम्हांस कबूल करावें लागलें कीं नाहीं. आणि या एका वाक्यानें आमच्या हातांतील सर्व पुस्तकांची परीक्षा झाली. हॉवर्ड यांचें शास्त्र खरें, पण त्यांच्या खड्ड्याशीं राबणारे मजूर संस्थेच्या पगारावर होते. फुल्यांपाशीं शास्त्र थोडें, पण खर्च कोणीं सोसावा हें त्यांनीं प्रथमपासून विचारलें आणि सरकारचे रिकामे हात शेताच्या बांधावर बोलाविले. माती सर्वांची मिळकत असेल तर ती राखण्याची मजुरी एकट्या शेतकऱ्याच्या माथीं कां, हा त्यांचा मुद्दा अजून जागच्या जागीं आहे. म्हणून आमचा निर्णय असा कीं या विषयाचें मराठींतील पहिलें पुस्तक अद्यापि 'असूड'च आहे, आणि तें हॉवर्ड शेजारीं ठेवून वाचावें. दोहोंना जोडणारें तिसरें पुस्तक अजून लिहावयाचें आहे. ज्याला पऱ्हाटीचें वजन पाठीवर ठाऊक आहे आणि कर्ब-नत्राचा मेळही कळतो, असा कोणी एखाद्या किनवटासारख्या तालुक्यांतूनच तें लिहील.

निघावयाच्या दिवशीं सकाळीं गोठ्यापुढच्या गाडीवाटेवर पऱ्हाट्या पसरलेल्या दिसल्या; अर्ध्या एकराच्या असतील. "एक खड्डा करून बघतो," एवढेंच म्हातारा बोलला. जोडीचें काय ठरलें, हें आम्हीं विचारलें नाहीं.