उतरणे आणि चढणे : लॅम्बर्टच्या एका युद्धचित्राचे वाचन

इतिहासचित्राचे शीर्षक ही केवळ ओळखचिठ्ठी नसते; काय पाहावे याची प्रेक्षकाला दिलेली ती सूचना असते. जॉर्ज लॅम्बर्ट (१८७३-१९३०) या ऑस्ट्रेलियन चित्रकाराच्या ‘अ‍ॅन्झॅक, द लँडिंग १९१५’ या तैलचित्रात मात्र सूचना आणि दृश्य यांत अंतर पडते. २५ एप्रिल १९१५ च्या पहाटे समुद्रमार्गे येऊन गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरलेले सैनिक हा चित्राचा विषय आहे. परंतु चित्रपट व्यापला आहे तो किनाऱ्यालगतच्या उभ्या चढणीने. शीर्षक उतरण्याचे, दृश्य चढण्याचे!

चित्रकाराने परमोत्कर्षाचा क्षण टाळून कल्पनेस वाव देणारा क्षण निवडावा, असे लेसिंगने ‘लाओकोऑन’मध्ये (१७६६) प्रतिपादिले होते. लॅम्बर्टची निवड याच जातीची आहे. शिखर गाठलेले नाही, निर्णय लागलेला नाही. झुडपांच्या आणि मातीच्या रंगात विरघळलेल्या मानवाकृतींत नायक कोणीच नाही. जादा शिध्याच्या पांढऱ्या पिशव्या तेवढ्या नजरेत भरतात. मोहीम पुढे आठ महिने रेंगाळणार होती, हे जाणणाऱ्या प्रेक्षकाला त्या पिशव्या करुण वाटल्यावाचून राहत नाहीत.

लॅम्बर्टने हा प्रसंग प्रत्यक्ष पाहिला नव्हता. १९१९ मध्ये इतिहासकार चार्ल्स बीन यांच्या पथकाबरोबर जाऊन त्याने तेथे अभ्यासचित्रे केली आणि १९२० ते १९२२ या काळात हे चित्र सिद्ध केले. म्हणजे येथील भूमी पाहिलेली आहे, माणसे ऐकलेली आहेत. भूमीच या चित्रात साक्षीदार ठरते, ती यामुळे.

तथापि क्षणाची निवड ही वगळण्याचीही क्रिया असते. त्याच सकाळी काही वेळाने ब्रिटिश हिंदी फौजेचा २६ वा (जेकब) पर्वतीय तोफखाना याच किनाऱ्यावर उतरला. तो या क्षणाच्या चौकटीबाहेर राहतो. डिसेंबर १९१५ मधील माघारही बाहेरच राहते. पराभूत मोहिमेतून राष्ट्राची उगमकथा घडवायची, तर तिचा आरंभ शेवटापासून तोडावाच लागतो. ‘लँडिंग’ हा शब्द नेमके हेच कार्य करतो.

चित्र मात्र शीर्षकाला पुरते वश होत नाही. कड्यापुढे खुजी झालेली माणसे विजयाची नव्हे, चढणीची ग्वाही देतात. स्मारक म्हणून मागविलेल्या कलाकृतीतही पाहिलेल्या भूमीचे सत्य टिकून राहू शकते, हे या विसंगतीचे मोल होय.