मालकाच्या आकाशातील काळा कप्तान

टेलिव्हिजनच्या मालिकेवरून लिहिलेली कादंबरी आपल्या विद्यापीठीय समीक्षेच्या पंगतीला कधी बसलेली नाही. मालिका गाजते, प्रकाशक हक्क विकत घेतो, लेखकाला काम देतो आणि स्वस्त कागदाचे पुस्तक बाजारात येते. असे पुस्तक लिहिणारा भाडोत्री आणि वाचणारा बाळबोध, हा निकाल ते न वाचताच दिला जातो. न वाचता निकाल देण्याची ही रीत आपल्या चांगल्या परिचयाची आहे. निदान आपण तरी ती पाळू नये.

माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढले नव्हते. इंग्रजी वाचायला मी शिकलो ते रद्दीच्या दुकानातून किलोवर आणलेल्या अशाच पुस्तकांवर. त्यांत ‘स्टार ट्रेक’ची पुस्तके बरीच होती. मालिका मी पाहिलेली नव्हती. पुस्तकच आधी भेटले.

ही मालिका अमेरिकेत १९६६ ते १९६९ या काळात चालली. तिचे ७९ भाग झाले. १९६७ पासून जेम्स ब्लिश या विज्ञानकथाकाराने तिच्या पटकथांवरून कथा लिहिल्या आणि १९७० साली ‘स्पॉक मस्ट डाय!’ ही स्वतंत्र कादंबरी लिहिली. पुढे अशा कादंबऱ्यांची संख्या शेकड्यांत गेली. या लेखनाची अट एकच, पण कडक. जग, पात्रे, नावे सारी कंपनीच्या मालकीची. लेखकाने नायकाला मारायचे नाही, त्याचे आयुष्य कायमचे बदलायचे नाही. शेवटच्या पानावर सगळे होते तिथे परत ठेवायचे. सालदाराने शेत नांगरावे, पेरावे, राखावे; सातबाऱ्यावर नाव मात्र मालकाचे. या कादंबऱ्यांचे वाङ्मयीन दारिद्र्य प्रतिभेच्या अभावातून जितके येते, त्याहून अधिक या मालकीसंबंधातून येते.

तरीही सालदार कधी कधी बांधावर आपले बी टाकतो. जॉन एम. फोर्ड याने ‘द फायनल रिफ्लेक्शन’ (१९८४) मध्ये, मालिकेने रानटी शत्रू ठरवलेल्या क्लिंगॉन जमातीची गोष्ट त्यांच्याच घरात बसून सांगितली. मालिकेतील सुलू या आशियाई अधिकाऱ्याला पडद्यावर पहिले नावच नव्हते. व्हॉन्डा मॅकइन्टायर या लेखिकेने ‘द एन्ट्रॉपी इफेक्ट’ (१९८१) मध्ये त्याला हिकारू हे नाव दिले. चित्रपटाने ते स्वीकारले १९९१ साली. माणसाला पुरते नाव असणे म्हणजे काय, हे आपल्याला समजावून सांगावे लागत नाही.

परंतु दलित वाचकाने मुद्दाम वाचावे असे यातले पुस्तक म्हणजे ‘फार बियाँड द स्टार्स’ (१९९८). ‘डीप स्पेस नाइन’ या उपमालिकेच्या एका भागावरून स्टीव्हन बार्न्स या कृष्णवर्णीय लेखकाने ते लिहिले. अंतराळस्थानकाचा कृष्णवर्णीय प्रमुख बेंजामिन सिस्को याला एक दृष्टान्त होतो. त्यात तो बेनी रसेल असतो. वर्ष १९५३, गाव न्यूयॉर्क. बेनी विज्ञानकथांच्या मासिकात नोकरीला आहे. वाचकांसाठी लेखकांचे छायाचित्र काढायचे ठरते तेव्हा संपादक त्याला आणि एका लेखिकेला त्या दिवशी उशिरापर्यंत झोपायला सुचवतो. लेखक काळा आहे आणि आद्याक्षरांमागे बाई आहे, हे वाचकाला कळता कामा नये.

बेनी कथा लिहितो ती अंतराळस्थानकाच्या काळ्या कप्तानाची. संपादक ती नाकारतो. हार्लेममधला एक तरुण तर हसतोच: गोरे आपल्याला अंतराळात नेतील ते जोडे पुसायला. शेवटी तडजोड निघते. ही सारी कथा एका गरीब माणसाचे स्वप्न आहे असे दाखवावे, म्हणजे छापता येईल. बेनी कबूल होतो. मध्यंतरी त्या तरुणाला पोलिसांची गोळी लागते आणि बेनीलाही पोलीस तुडवतात. तरीही मालकाला स्वप्न झेपत नाही. तो छापलेला अख्खा अंक लगद्यात घालतो आणि बेनीला कामावरून काढतो.

ही अतिशयोक्ती वाटत असेल तर सॅम्युएल डिलेनीचा अनुभव पाहावा. १९६७ साली त्याची ‘नोव्हा’ ही कादंबरी ‘अ‍ॅनलॉग’ मासिकाच्या संपादकाने क्रमशः छापायला नाकारली. काळा नायक आपल्या वाचकांना जवळचा वाटणार नाही, हे त्याचे कारण. डिलेनीने ते पुढे स्वतः लिहून ठेवले आहे.

पडद्यावर सिस्को आणि बेनी एकाच नटाच्या, एव्हरी ब्रूक्सच्या चेहऱ्यातून जोडले जातात. तो भाग दिग्दर्शितही त्यानेच केला. पुस्तकाला चेहरा नसतो. म्हणून बार्न्सला आत शिरावे लागते. हार्लेममधले बेनीचे कोवळे वय त्याला लिहावे लागते. तासाच्या आत संपणाऱ्या गोष्टीला इथे भूतकाळ मिळतो. पुस्तकाचे खरे बळ हेच.

आणि त्याची मर्यादाही लपवू नये. बेनीने जी तडजोड केली तीच या कृतीनेही केली आहे. बेनीचे सारे दुःख अखेर सिस्कोचा दृष्टान्त ठरते. कदाचित आपणच बेनीच्या स्वप्नात असू, ही शंका सिस्कोच्या मनात उरते खरी. पण स्थानक जागेवर, मालिका पुढे चालू. काळ्या लेखकाची कथा मालकाने कशी गिळली हे सांगणाऱ्या या पुस्तकाचे हक्कही बार्न्सचे नाहीत, कंपनीचे आहेत.

मग हे आपण का वाचायचे? बाबासाहेबांनी १९४६ साली ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकन निग्रोंच्या आणि अस्पृश्यांच्या स्थितीतले साम्य नोंदवले. १९७२ साली पँथर हे नाव आपण तिथूनच घेतले. त्यांची आत्मकथने, कविता वाचल्या. त्यांची विज्ञानकथा मात्र करमणूक म्हणून बाजूला ठेवली. बेनीच्या मालकाला काळ्या माणसाच्या दुःखाची भीती नव्हती. भीती होती ती हुकूम देणाऱ्या काळ्या कप्तानाची. आपल्याकडचा प्रस्थापित रसिकही दलिताच्या वेदनेला दाद देतो, तिला अस्सल म्हणतो आणि तिथेच थांबवतो. अस्सलतेची ही कसोटी आपणही इतकी मान्य केली, की भोगलेले तेवढेच आपले आणि घडायचे ते दुसऱ्यांचे, अशी वाटणी नकळत होऊन बसली. वेदनेचा दस्तऐवज आवश्यकच होता आणि आहे. पण उद्याच्या कल्पनेवरचा हक्क सोडणे म्हणजे पुन्हा गावकुसाबाहेर राहणे होय.

वर्गात एका विद्यार्थ्याने मला विचारले, “सर, आपला माणूस तेविसाव्या शतकात दाखवला तर ती कथा दलित कथा राहील का?” मी म्हणालो, हुकूम कोण देतो आणि झाडू कोणाच्या हातात आहे, हे त्या शतकातही जो पाहील त्याची कथा आपली. मग बार्न्सचे पुस्तक मी त्याच्या हाती दिले आणि सांगितले, आधी हक्कांचे पान वाच, मग गोष्ट वाच, आणि तुझी लिहिशील तेव्हा ते पान स्वतःच्या नावावर ठेव.