पाच हजार लेखकांचा शोधनिबंध

मे २०१५ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये एक शोधनिबंध आला. सर्नच्या अ‍ॅटलास आणि सीएमएस या दोन प्रयोगांनी मिळून हिग्ज बोसॉनचं वस्तुमान मोजलं होतं. पानं ३३. विज्ञान संदर्भांसकट ९ पानांत संपतं. उरलेली २४ पानं नुसती नावं आणि संस्था. लेखक ५,१५४.

ही २४ पानं मला निबंधाइतकीच वाचनीय वाटतात. नावांचा क्रम कामाच्या मोठेपणावर नाही. प्रयोगाचे प्रमुख आणि पीएचडी करणारी मुलगी एकाच टायपात. मुंबईच्या टीआयएफआरमधली माणसंही त्यातच. डिटेक्टर बांधणं, सॉफ्टवेअर लिहिणं, रात्रपाळी करणं, यातलं एकही काम वगळलं तर तो आकडा हाती येत नाही. याउलट मार्क लेव्हिन्सन यांची ‘पार्टिकल फीव्हर’ ही डॉक्युमेंटरी सहा चेहरे निवडते. गोष्ट रंगते, पण बाकीचे हजारो जण गर्दी होऊन जातात.

तरीही यादी अर्धंच बोलते. आमच्या कोडमधली कुठली ओळ कुणी लिहिली, हे गिट एका कमांडमध्ये दाखवतं. इथे ते कळत नाही. ते प्रयोगाच्या अंतर्गत नोंदींत आणि शिफारसपत्रांत राहतं. म्हणजे नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या त्या मुलीचं काम बाहेरच्याला दिसत नाही. दिसतं ते तिच्याबद्दल दुसऱ्याने लिहिलेलं पत्र.

सगळ्यांची नावं छापणं हा अर्धा न्याय झाला. कुणी काय केलं, हे लिहिणं बाकी आहे. २४ पानांत तेवढा एक रकाना मावला असता.