प्रत, पाठ आणि स्मरणरंजन

एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. कृतीचे मूल्यमापन करण्यापूर्वी तिचा पाठ निश्चित करावा लागतो, ही जाणीव मराठीत तेव्हापासून आहे. राजवाडे आणि प्रियोळकर यांनी आधुनिक काळात तिला शास्त्राचे रूप दिले. चित्रपट आणि ध्वनिमुद्रिका यांच्याकडे वळताना मात्र हीच समीक्षा ही शिस्त सहज बाजूला ठेवते. बाबूराव पेंटर यांचा ‘सावकारी पाश’ (1925) भारतीय वास्तववादी चित्रपटाचा आरंभ म्हणून गौरविला जातो. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरील हा मूकपट आज पाहावयास उपलब्ध नाही. उरली आहेत ती काही छायाचित्रे, पाहणाऱ्यांच्या आठवणी आणि त्या आठवणींवर रचलेली विधाने. कोणत्याही कादंबरीविषयी असा निवाडा समीक्षेने खपवून घेतला नसता. येथे तो पाठ्यपुस्तकातही स्थिरावला आहे.

याचे एक कारण असे की, जुन्या चित्रपटांच्या आणि गाण्यांच्या प्रेमाचा आजवरचा आविष्कार प्रामुख्याने स्मरणरंजनाचा राहिला आहे. स्मरणरंजनाला मूळ प्रतीची गरज भासत नाही. हरपलेपणातूनच त्याची गोडी वाढते. पण सगळ्याच हौशी मंडळींना या सदरात टाकणे अन्यायाचे होईल. मुंबईत 1990 साली स्थापन झालेली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स घ्यावी. तबकडीवरील क्रमांक, लेबल, गायकाचे नाव यांची नोंद करणारा संग्राहक हा खरे तर पाठचिकित्सकच असतो. विद्यापीठांनी त्याला ‘छांदिष्ट’ ठरवले, यात विद्यापीठांचेच नुकसान झाले.

पाठाचा प्रश्न किती गुंतागुंतीचा आहे, हे ‘राजा हरिश्चंद्र’वरून कळते. 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये प्रदर्शित झालेल्या या चार रिळांच्या चित्रपटाची पहिली आणि शेवटची रिळे शिल्लक आहेत, असे दीर्घकाळ मानले गेले. ती रिळे फाळके यांनी 1917 मध्ये पुन्हा काढलेल्या आवृत्तीची असावीत, असे मत काही अभ्यासकांनी पुढे मांडले. ते ग्राह्य धरल्यास आद्य चित्रपटाच्या शैलीविषयी केलेली अनेक विधाने चार वर्षांनी पुढे सरकतात. 1932 चा ‘अयोध्येचा राजा’ मराठी व हिंदी अशा दोन रूपांत निघाला. यातील मूळ कोणते, हा प्रश्नच तेथे गैरलागू होतो.

गाण्यांच्या बाबतीत हा गोंधळ अधिक सूक्ष्म आहे. लाखेच्या 78 फेऱ्यांच्या तबकडीत एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. रंगभूमीवर रंगत जाणारे नाट्यपद तेवढ्यात बसवताना आलापी आटोपावी लागे, काही वेळा अंतराही गळे. आरंभीच्या बोलपटांची गाणी तर तबकडीसाठी अनेकदा स्वतंत्रपणे मुद्रित होत. म्हणजे श्रोत्याच्या कानात घर करून बसलेले गाणे आणि पडद्यावरचे गाणे ही दोन वेगळी संहिता-रूपे होत. ‘संत तुकाराम’ (1936) साठी शांताराम आठवले यांनी रचलेले एक पद तर खुद्द तुकारामांचा अभंग म्हणूनच लोकांत रूढ झाले. गाथेच्या पाठचिकित्सेत ज्याला प्रक्षिप्त म्हटले असते, ते येथे लोकमान्यतेने सिद्ध झाले. या घटनेकडे केवळ गमतीदार किस्सा म्हणून पाहिले जाते, ही खेदाची गोष्ट आहे.

आता दुसरी बाजू. परळी तालुक्यातील सिरसाळ्यासारख्या गावाचा विचार केला म्हणजे ‘मूळ प्रत’ ही कल्पनाच डळमळू लागते. 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या या भागात सिनेमा पोहोचला तो मुख्यतः जत्रेतल्या तंबूतून. शहरे संपवून, पुष्कळ फिरून आलेली प्रत येथे दाखवली जाई. दातऱ्या फाटलेल्या, चरे पडलेल्या त्या रिळाचा तुटलेला तुकडा काढून टाकून दोन टोके चिकटवायची, हे यंत्रचालकाचे नित्याचे काम. प्रत्येक जोडाबरोबर चित्रपट काही चौकटींनी आखूड होई. अशा प्रेक्षकाने पाहिलेला चित्रपट पुण्याच्या प्रेक्षकाने पाहिलेल्या चित्रपटापेक्षा भिन्न होता. ही भिन्नता न्यूनता मानावी, की पाठभेद? लोकसाहित्याच्या अभ्यासकाला या प्रश्नाचे उत्तर अवघड जाऊ नये. फिरत्या तंबूंचे अखेरचे दिवस 2016 च्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या अनुबोधपटात टिपले गेले आहेत. परंतु तंबूत बसलेल्यांनी काय पाहिले, याची नोंद मराठवाड्यातील कोणत्याही मराठी विभागाला सहज करता आली असती. ते प्रेक्षक आता वृद्ध झाले आहेत.

प्रतींची नासाडी मात्र पाठभेदाच्या कौतुकाने झाकता येत नाही. 1950 च्या सुमारापर्यंत वापरात असलेली नायट्रेट फिल्म ज्वालाग्राही, शिवाय आपोआप कुजणारी. जुन्या प्रती चांदी काढण्यासाठी वितळवल्या गेल्या. सुमारे 1300 भारतीय मूकपटांपैकी अंशतः वा पूर्णतः उरलेले तीसच्या आसपास भरतात. पुण्यात 1964 साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, त्याआधीच बहुतेक हानी होऊन गेली होती. पी. के. नायर यांनी जे वेचून आणले, ते अक्षरशः उरलेसुरले होते. त्यातीलही नायट्रेटचा मोठा साठा 2003 च्या आगीत गेला. अंकीय रूपांतराने हा प्रश्न सुटला, असा समज आता रूढ होत आहे. पण रूपांतर करताना चरे पुसायचे किती, आवाज स्वच्छ करायचा किती आणि हे निर्णय कोणी नोंदवून ठेवायचे? संपादकाची टीप नसलेली गाथा अभ्यासक हाती धरत नाही. डागडुजी केलेला चित्रपट मात्र तो बिनतक्रार पाहतो.

सिरसाळ्याच्याच जिल्ह्यात, अंबाजोगाईला, दासोपंतांची पासोडी आहे. सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर पंचीकरणाचा विषय लिहून काढलेली ही संहिता चारशेहून अधिक वर्षे टिकली. तिचे कापड, शाई आणि अक्षर यांचा विचार केल्यावाचून तिच्याविषयी कोणी लिहीत नाही. नव्वद वर्षांपूर्वीच्या रिळाविषयी लिहिताना मात्र ते कोणत्या प्रतीवरून पाहिले, हे सांगण्याची प्रथा मराठी समीक्षेत अद्याप पडलेली नाही.